रेघेखालची रेघ

आमच्या हँगरमध्ये सासूबाई आल्या त्या मार्च महिन्यात, लाकडी खोक्यात बसून, अंगावर 'नाजूक वस्तू, आडवी ठेवू नये' असा शिक्का मिरवत.

मशीनचं सरकारी नाव धातुस्मृती विश्लेषक. एवढं उच्चारेपर्यंत हातातला चहा गार व्हायचा. ते चालवायला नेमलेले रज्जाक तडवी आमच्या तळावरचे सगळ्यांत जुने मेकॅनिक. त्यांनी पहिल्याच आठवड्यात तिला सासूबाई करून टाकलं. कारण तिला काहीही विसरता येत नसे, आणि दहा वर्षांपूर्वी केलेली आगळीक ती कालच घडल्यासारखी काढून दाखवायची.

मी वृंदा बोरसे. सातपुडा हवाई रुग्णसेवेच्या नंदुरबारजवळच्या तळावर मुख्य तपासनीस. माझ्याकडे खातं शेपटीचं. हेलिकॉप्टरच्या शेपटीचं, हे मला लग्नकार्यात दरवेळी वेगळं सांगावं लागतं, तरी लोक हसतातच.

पण शेपूट म्हणजे हसण्याची गोष्ट नाही. डोक्यावरचा मोठा पंखा एका दिशेला फिरतो, म्हणून खालचं धड उलट्या दिशेला गरगरू पाहतं. त्याला धरून ठेवतो तो शेपटीवरचा छोटा पंखा. वैमानिकाने पायाने पेडल दाबलं की एक लांब दांडा सरकतो आणि त्या पंख्याची पाती वळतात. दांड्याच्या टोकाला एक नट असतो, लिंबाएवढा. तो निसटला की वैमानिक पेडलवर नाचला तरी शेपूट ऐकत नाही.

म्हणून नट आवळला की आम्ही त्याच्यावरून खाली दांड्यापर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढतो. नट जरासा जरी फिरला तरी नटावरचा तुकडा एकीकडे जातो, दांड्यावरचा एकीकडे राहतो. उड्डाणाआधी रोज सकाळी ती रेघ बघायची, अखंड असली तर सही करायची. सगळ्या शास्त्राचं सार त्या रेघेत. माझी रेघ सरळ, एका हाताची, आणि शेवटी तिला उजवीकडे एक बारीकशी शेपटी. शाळेत सुंदर हस्ताक्षराची बक्षिसं घेतलेली बाई मी, ती सवय जाते कुठे? आमच्या सेवेच्या पाचही तळांवरचे मेकॅनिक दुरून ओळखायचे, ही वृंदाताईंची रेघ.

सासूबाईंचं काम रेघेच्या पलीकडचं. धातूच्या आत बारीक कणांची दाट मांडणी असते. त्याच्यावर ताण आला की तिच्यात घडी पडते, आणि ताण गेला तरी घडी पूर्ण जात नाही. कपाटातली सुती साडी उलगडली की घडी कुठे होती ते दिसतं ना, तसंच. मशीन तुकड्यातून अतिशय सूक्ष्म ध्वनिलहरी सोडतं, त्या प्रत्येक घडीवर थोड्याशा अडखळून परत येतात, आणि त्या अडखळण्यावरून घडी कधीची, केवढ्या जोराची, कोणत्या बाजूने पडलेली, हे कळतं. त्यात प्रत्येक उड्डाणात धातू तापतो, ताणला जातो, पुन्हा गार होतो. त्यामुळे एका उड्डाणाचा एक थर. शेवटच्या थरापासून मागे मोजत जायचं आणि उड्डाणांच्या वहीशी जुळवायचं, की तारीख हातात; एकाच थरातल्या दोन घड्यांमधलं अंतर तर सेकंदांतही मिळायचं.

उड्डाण सुरक्षा मंडळाने नियमच काढला. शेपटीचा प्रत्येक भाग दर तीनशे तासांनी सासूबाईंपुढे ठेवायचा. त्यांनी लाल दिवा दाखवला की तो भाग बदलायचा, आणि जुना जागच्या जागी करवतीने कापून टाकायचा, म्हणजे कुणाला परत बसवायचा मोह नको. हुज्जत नाही, 'अजून महिनाभर चालेल' नाही.

मे महिन्यात एका बोल्टवर लाल दिवा लागला. मशीनने लिहून दिलं, तीन वर्षांपूर्वीचा थर, डाव्या बाजूने आघात, बहुधा हत्याराचा. तडवीभाऊंनी कान खाजवला.

"ताई, पाना घसरला व्हता माझा. कोनी पाह्यलं नव्हतं."

"मग तेव्हा सांगितलं का नाही?"

"म्हंजे, बोल्ट कधी बोलंन असं वाटलं नव्हतं ना!"

सगळे खो खो हसले. मी मात्र मध्येच थांबले. बोल्ट बोलत असेल, तर नऊ वर्षांपूर्वीचा तो नटही बोलेल.

•

तो नट निनादच्या हेलिकॉप्टरचा. निनाद म्हणजे आता माझा नवरा. तेव्हा तो सातपुडा एकचा वैमानिक होता आणि मी तिची तपासनीस. वसुबारसेच्या दुपारी धडगावकडे उतरताना त्याचं हेलिकॉप्टर झाडांच्या उंचीवर गरगरलं आणि ज्वारीच्या शेतात कोसळलं. निनादचे दोन्ही पाय मोडले. मागे बसलेल्या सिस्टर सुमन वळवी जागच्या जागी गेल्या. सव्वीस वर्षांची मुलगी. पोटुशी बायकांना आणायला निघाली की डब्यात दोन भाकऱ्या जास्तीच्या घ्यायची.

चौकशीत निनाद सांगत राहिला, "मी पेडल दाबलं. शेपटीने ऐकलं नाही." नट सुटलेला सापडला, पण तज्ज्ञांनी ठरवलं की तो आदळल्यामुळे सुटला. कारण बिघाड आधीचा असता तर रेघ तुटलेली दिसली असती. आणि रेघ अखंड होती. तसा फोटो होता, खंडेनवमीच्या पूजेचा, झेंडूच्या माळा घातलेल्या शेपटीचा. शिवाय माझी साक्ष होती. मी शपथेवर सांगितलं की अपघाताच्या सकाळीसुद्धा मी स्वतः रेघ पाहिली आणि ती अखंड होती. यात एक अक्षर खोटं नव्हतं. निष्कर्ष निघाला, मागून वारा असताना वैमानिकाने कमी उंचीवर वेग घालवला. वैमानिकाची चूक. परवाना रद्द.

निनाद मोडला. सुरुवातीला भांडायचा, मग हळूहळू त्यालाच वाटायला लागलं की आपला पाय उशिराच पडला असेल. मी रोज त्याला भेटायला जायचे. त्याच्यावर जीव होता माझा, अपघाताच्या आधीपासून. एक दिवस मी त्याच्या खाटेशी बसून म्हणाले, "झालं ते झालं. मी तुला माफ केलंय." तो लहान पोरासारखा रडला. पुढच्या वर्षी आम्ही लग्न केलं. लोक मला म्हणाले, केवढं मोठं मन तुझं. मी 'त्यात काय' म्हणायचे, पण आतून बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

तो आता त्याच तळावर रेडिओवर बसतो. दुसऱ्यांना वाटा सांगतो, स्वतः उडत नाही. रेडिओचा नियम असा की आलेला निरोप शब्द न् शब्द परत उच्चारायचा, म्हणजे ऐकण्यात चूक राहत नाही. ही खोड घरीही आलीय. "येताना अर्धा लिटर दूध आणि कोथिंबीर," म्हटलं की "अर्धा लिटर दूध, कोथिंबीर," असं परत म्हणणार, मगच पायात चपला. मी त्यावरून त्याला सतत चिडवते.

त्या अपघाताबद्दल मी त्याला कधी बोलले नाही. एकदाच, गॅस चालू राहिला होता तेव्हा, "तुझं लक्ष नसतंच," एवढं तोंडून गेलं. दोन दिवस जेवला नाही.

आणि दर वसुबारसेला आम्ही सिस्टर सुमनच्या वडिलांकडे, वळवीबाबांकडे जातो. गाडी मी चालवते. निनाद आत जातो, बाबांच्या पायांवर डोकं ठेवतो, तासभर बसतो आणि लाल डोळ्यांनी परत येतो. मी गाडीतच बसते. माझं आत काय काम?

आता तो नट पुन्हा तपासायचा म्हटल्यावर निनाद वैतागला.

"राहू दे, वृंदा. मंडळाने तुटक्या भागांची पेटी परत पाठवली, विषय संपला."

"नट आदळण्याआधी सुटला असेल तर तुझं नाव धुऊन निघेल."

"आणि नंतरच सुटला असेल तर? आत्ता निदान थोडी शंका तरी आहे. तेवढ्यावर झोप लागते मला."

पण मी हट्टी. जुना नट तपासायला वेगळी परवानगी लागत होती. ती मी पाच महिने पत्रं लिहून मिळवली. ती आली दसऱ्याच्या आदल्या दिवशी. तळावर खंडेनवमीची गडबड होती, म्हणून मी सोमवार ठरवला.

•

सोमवारी सकाळी दहाला तडवीभाऊंनी नट आणि दांड्याचं तुटकं टोक सासूबाईंच्या ताटात ठेवलं. मशीन गुणगुणायला लागलं. वीस मिनिटांनी पडद्यावर आलेख उमटला. मी वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला.

'नट सुटणे: आघातापूर्वी अकरा सेकंद.'

अकरा सेकंद! निनादने पेडल दाबलं होतं आणि शेपूट खरंच ऐकत नव्हती. मी ओरडलेच. तडवीभाऊंचे दोन्ही हात धरून मी हँगरमध्ये गोल फिरले. वय वर्षं बेचाळीस, काय काय करून बसले. नऊ वर्षं माझा नवरा मान खाली घालून जगला आणि त्याची चूक नव्हती. मला आत्ताच्या आत्ता रेडिओच्या खोलीकडे धावायचं होतं.

"ताई, थांबा ना जरा," तडवीभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज उतरलेला होता. "सासूबाई अजून सांगी राहिली."

पडद्यावर खाली आणखी ओळी येत होत्या. दांड्याचं बेअरिंग घट्ट होत चाललं होतं, ते फिरताना नटाला सोबत ओढत होतं. शेवटून सत्तेचाळिसाव्या उड्डाणात नट एकदा थोडासा फिरला आणि तो निसटू नये म्हणून आडवी घातलेल्या पिनेने त्याला तिथेच थोपवलं. पुढची पंचेचाळीस उड्डाणं तो जागचा हलला नाही, फक्त पिनेवरचा ताण वाढत गेला. शेवटच्या उड्डाणात पीन तुटली.

तडवीभाऊंनी उड्डाणांची वही उघडली. मागे मोजत गेले. सत्तेचाळिसावं उड्डाण अष्टमीच्या संध्याकाळचं निघालं.

"अष्टमीलाच नट फिरला," ते म्हणाले. "म्हंजे रेघ तवाच तुटाले पाहिजे व्हती. आन् तुम्ही तं सांगितलं, शेवटपर्यंत अखंड."

"अखंडच होती. मी रोज पाहिली."

"मी खोटं कुठं म्हनतो, ताई? पन दोन्ही खरं कसं?"

मला राग आला. यंत्राचा, तडवीभाऊंचा, सगळ्यांचाच. तेलगळती शोधायचा जांभळा टॉर्च मी उचलला. त्याच्या प्रकाशात आमचा पिवळा रंग चमकतो, पुसलेला असला तरी धातूच्या खाचांत उरलेला चमकतो. नटावर रेघ होती, जाड, दोन थरांची. दांड्यावर माझी रेघ होती, शेवटी उजवीकडे शेपटी वळलेली. आणि तिच्या शेजारी, एका तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर, पुसलेल्या रेघेची फिकट पिवळी खूण.

मला ती सकाळ आठवली. खंडेनवमी. हत्यारांची पूजा असते, पाने, पकडी, करवती पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात, मशीन घासूनपुसून लख्ख करतात. उड्डाणाआधीची तपासणीही माझ्याकडे होती आणि सजावटही माझ्याकडे. झेंडूची माळ शेपटीला बांधताना मला दिसलं की नटाखाली ग्रीस ओघळलंय आणि त्याखालची रेघ मळकी, चिरलेली दिसतेय. फोटो निघणार होते. सणासुदीला मशीन असं ओंगळ दिसलेलं मला चालायचं नाही. मी स्पिरिटचा बोळा फिरवला, दांडा स्वच्छ पुसला, आणि नवी कोरी रेघ ओढली. सुरेख आली होती. सिस्टर सुमन शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "वृंदाताई, रांगोळी पण तुम्हीच काढा बाई."

पुसण्याआधी मला ते तांदळाएवढं अंतर दिसलं होतं का? नऊ वर्षांनी मी स्वतःला शंभरदा विचारलं. मला आठवत नाही. दिसलं असतं तर मी थांबले असते, असं म्हणायला मला फार आवडेल. पण मला खरंच आठवत नाही.

मी जमिनीवर बसले. त्याला माफ केलं होतं मी. त्याच्या खाटेशी बसून, त्याचे अश्रू पुसून, मी त्याला माझ्या चुकीबद्दल माफ केलं होतं.

तडवीभाऊंनी पाण्याचा पेला पुढे केला. मग मशीनकडे न पाहता म्हणाले, "ताई, कागद अजून निघाला नाही. तुम्ही म्हनाल तेवढंच छापू. सुटल्याचा टाइम छापू, बाकी..."

अकरा सेकंद तेवढे छापायचे. निनाद सुटला असता, मीही सुटले असते. मी 'हो' म्हणण्याच्या अगदी जवळ होते. तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात माझी नजर हँगरमधल्या हेलिकॉप्टरवर गेली. शेपटीला चार दिवसांपूर्वीचा झेंडू सुकून लटकत होता. आणि त्याच्या मागे नटावर एक नवी कोरी पिवळी रेघ.

हा नियम माझाच. मुख्य तपासनीस झाल्यावर तिसऱ्या वर्षी मी पाचही तळांना पत्रक पाठवलं होतं, 'खंडेनवमीला सर्व जुन्या रेघा स्पिरिटने पुसून नव्याने ओढाव्यात.' वार्षिक बैठकीत त्याबद्दल टाळ्या पडल्या होत्या. चौदा हेलिकॉप्टरं. चौदांच्याही शेपटीवर गुरुवारी सकाळी रेघा पुसल्या गेल्या होत्या. आणि सासूबाई आल्यापासून कोण रेघेकडे डोळे रोखून बघत होतं? मशीन बघेल, असं म्हणायची सवय लागली होती सगळ्यांना. मशीन बघायचं, पण तीनशे तासांनी.

मी टॉर्च घेऊन धावले. उजेड अडवायला तडवीभाऊंनी वर गोणपाट धरलं, मी खाली वाकले. नव्या रेघेखाली पुसलेली रेघ बरोबर होती, तंतोतंत. हे हेलिकॉप्टर ठीक होतं.

"दुसरं कुठाय?"

"सातपुडा दोन पाडवी मॅडम घेऊन गेल्या. तोरणमाळहून साप चावलेली पोर घेऊन येई राहिल्या."

"त्याची मशीनवरची तपासणी कधी झालीय?"

त्यांनी वही पाहिली. "दोनशे साठ तास झाले, ताई. चाळीस बाकी."

•

रेडिओच्या खोलीत निनाद कानाला हेडफोन लावून बसला होता. मला बघून हसला. मी आजचा निकाल सांगायला आले, असं त्याला वाटलं असणार. त्याच्या चेहऱ्यावर भीती आणि आशा दोन्ही होत्या. मला त्याच्याकडे बघवेना.

"सगळ्या हेलिकॉप्टरांना उतरायचा आदेश दे," मी म्हणाले. "चौदाच्या चौदा."

त्याने एक प्रश्न विचारला नाही. आदेशाचा छापील कागद ओढला, ध्वनिमुद्रण सुरू केलं आणि पाचही तळांची वाहिनी उघडली. मी सांगायचं, त्याने परत उच्चारायचं, वैमानिकांनी ऐकायचं.

"भाग?" त्याने विचारलं.

"शेपटीच्या दांड्यावरचा नट."

त्याचं पेन क्षणभर थांबलं. "शेपटीच्या दांड्यावरचा नट," तो माइकमध्ये म्हणाला. "कारण?"

"खंडेनवमीला जुन्या रेघा पुसून नव्या ओढल्यात. नट आधीच फिरलेला असेल तर आता ते दिसत नाही."

त्याने तेही परत म्हटलं. मग कागदावरचा पुढचा प्रश्न. "या प्रकारचा बिघाड पूर्वी घडल्याचा दाखला?"

तो नेहमीसारखा वाचून गेला. पण या प्रश्नावर सगळं ठरायचं. दाखला नसला, तर रुग्ण आत असताना मुक्कामापर्यंत जायचं की नाही हे वैमानिकाच्या मर्जीवर. ऋजुता पाडवी तशी धाडसी मुलगी, साप चावलेली पोर घेऊन ती मध्येच उतरली नसती. दाखला असला तर मात्र दिसेल त्या मोकळ्या जागेत तात्काळ उतरायचं.

"वृंदा, दाखला?" निनाद म्हणाला.

"आहे," मी म्हणाले. "सातपुडा एक. नऊ वर्षांपूर्वी, वसुबारस. नट अष्टमीला फिरला होता. नवमीला रेघ पुसून नवी ओढली, म्हणून दिसलं नाही. आघाताआधी अकरा सेकंद नट सुटला."

त्याने मान वर केली. "रेघ ओढणाऱ्याचं नाव?" कागदावर हा प्रश्न नव्हता.

"वृंदा बोरसे."

मग निनाद माइककडे वळला आणि एकेक शब्द परत उच्चारू लागला.

"दाखला आहे. सातपुडा एक. नऊ वर्षांपूर्वी, वसुबारस. नट अष्टमीला फिरला होता. नवमीला रेघ पुसून नवी ओढली, म्हणून दिसलं नाही. आघाताआधी अकरा सेकंद नट सुटला. रेघ ओढणाऱ्याचं नाव, वृंदा बोरसे." त्याचा आवाज एकदाही कापला नाही. "सर्व हेलिकॉप्टरांनी तात्काळ उतरावं."

"वैमानिकाची चूक नव्हती," मी म्हणाले. "हेही सांग."

तेवढं एकच वाक्य त्याने परत उच्चारलं नाही.

एकेक उत्तर येत गेलं. हवेत असलेल्या चारपैकी तीन उतरली. सातपुडा दोनचं काही येईना. निनाद दर अर्ध्या मिनिटाने हाक देत होता. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला सिस्टर सुमनचा भाकऱ्यांचा डबा दिसत होता.

सहाव्या मिनिटाला ऋजुताचा आवाज आला. "सातपुडा दोन, धडगावच्या शाळेच्या मैदानात उतरले. पोरगी बरी आहे, जीपने दवाखान्यात पाठवली." मागे मुलांचा गलका ऐकू येत होता. "गळतीचा जांभळा टॉर्च आहे जवळ, पुसलेली रेघ बघते. थांबा, ऊन फार आहे, डोक्यावर जॅकेट घेते."

मग ती बोलली, अगदी हळू.

"रेघेशेजारी पुसलेली रेघ आहे. दोन्ही जुळत नाहीत. साधारण तांदळाच्या दाण्याएवढा फरक."

"रेघेशेजारी पुसलेली रेघ," निनाद म्हणाला. "जुळत नाहीत. तांदळाच्या दाण्याएवढा फरक. कुणीही इंजिन सुरू करू नका."

त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. दुपारपर्यंत मंडळाचं पत्रक निघणार होतं, चौदाही नट बदलले जाणार होते, खंडेनवमीच्या माझ्या नियमावर काट बसणार होती, आणि माझ्यावर चौकशीही. त्यातलं काही आत्ता महत्त्वाचं वाटत नव्हतं. मी त्याच्या बोलण्याची वाट बघत होते. त्याने शिव्या घालाव्यात असं मला मनापासून वाटत होतं.

"तू मला माफ केलं होतंस," तो म्हणाला.

"निनाद..."

"नाही, ऐक. रोज सकाळी उठलो की मला वाटायचं, या बाईने एवढं पोटात घातलं, आपण हिच्या लायक नाही. आठ वर्षं. तू चहा दिलास तरी लाज वाटायची मला, वृंदा."

क्षमा मागायला तोंड उघडलं आणि तो शब्दच आता मला वापरता येईना.

त्याने खुंटीवरची गाडीची किल्ली काढली. आठ वर्षांत पहिल्यांदा. "चल. वळवीबाबांकडे."

"वसुबारसेला अजून दोन आठवडे आहेत."

"त्यांना आणखी दोन आठवडे कशाला थांबवायचं?"

एकदा मोडलेल्या पायांनी तो गाडी सावकाश चालवत होता, घाटातल्या प्रत्येक वळणाला हॉर्न देत होता. बाबांच्या घरापुढच्या मोहाच्या झाडाखाली त्याने गाडी उभी केली, मी नेहमी करते त्याच जागी. ओट्यावर बाबा बांबूची टोपली विणत बसले होते. गाडीचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली आणि निनादला ओळखून हात हलवला.

निनादने इंजिन बंद केलं, पण पट्टा सोडला नाही.

"तू जा," तो म्हणाला. "या वेळी गाडीत मी बसतो."

मी दार उघडून खाली उतरले.